क्रीडा-प्रक्षेपणाचे हक्क : मूल्यवाढीची मीमांसा

सोलापूरच्या पार्क मैदानावर सामना पाहावयास जाणारा प्रेक्षक प्रवेशाचे मूल्य दारातच मोजतो. घरी दूरचित्रवाणीवर सामना पाहणाराही मूल्य देतो. परंतु ते वर्गणीत आणि जाहिरात केलेल्या वस्तूंच्या किमतीत विखुरलेले असल्यामुळे सहसा ध्यानात येत नाही. प्रक्षेपण-हक्कांची किंमत याच विखुरलेल्या मूल्यातून उभी राहते.

१९९३ च्या हीरो चषक स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट संघटना व केंद्र शासन यांच्यात वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ती असल्याचा व त्यांवर शासनाची मक्तेदारी असू शकत नसल्याचा निर्णय दिला. परिणामी हक्कांना एकाहून अधिक ग्राहक लाभले. इंडियन प्रीमियर लीगच्या २०१८ ते २०२२ या पाच हंगामांचे हक्क १६,३४७.५० कोटी रुपयांस गेले. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांसाठी ही रक्कम ४८,३९० कोटींवर, म्हणजे जवळजवळ तिपटीवर गेली. ४१० सामने गृहीत धरता दर सामन्यास सुमारे ११८ कोटी रुपये पडतात.

हक्क महागले म्हणून वर्गणी वाढते, असे सामान्यतः मानले जाते. तथापि रिकार्डोचा खंडविषयक सिद्धान्त येथे स्मरणीय आहे : खंड द्यावा लागतो म्हणून धान्य महाग होत नाही, धान्य महाग असते म्हणून खंड द्यावा लागतो. त्याचप्रमाणे प्रेक्षक व जाहिरातदार यांच्याकडून किती रक्कम मिळेल, या अंदाजावरच लिलावातील बोली ठरते. सामना हा नाशवंत माल असून त्याचा विक्रेता एकच असल्याने स्पर्धेतील अधिक लाभ नियामक मंडळाकडे जातो.

प्रेक्षकाने द्यावयाचे मूल्य मात्र प्रक्षेपकांमधील स्पर्धेवर अवलंबून राहते. २०२३ मध्ये दूरचित्रवाणी व आंतरजाल यांचे भारतातील हक्क दोन प्रतिस्पर्ध्यांकडे होते. तेव्हा जिओसिनेमाने सामने विनामूल्य दाखविले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते दोघे एक झाले आणि २०२५ च्या हंगामात आंतरजालावरील संपूर्ण सामन्यास वर्गणीची अट आली. हक्कांची किंमत करारानुसार तीच होती; बदलली ती बाजाराची रचना.

२००७ च्या कायद्यान्वये राष्ट्रीय महत्त्वाच्या अधिसूचित सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीस द्यावे लागते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ही सवलत प्रसार भारतीच्या भूप्रक्षेपण व विनामूल्य उपग्रह सेवेपुरती मर्यादित केली. म्हणून सोलापुरातील यंत्रमाग वा विडी कामगाराच्या घरी दूरदर्शनची विनामूल्य तबकडी असेल, तर असा सामना त्यास फुकट दिसतो. शेजारच्या केबलधारकास त्याच सामन्यासाठी सशुल्क वाहिनी घ्यावी लागते.

सारांश, केवळ हक्कांच्या किमतीवर नियंत्रण घातल्याने प्रेक्षकाचा भार हलका होणार नाही. तेवढ्याने नफा मंडळाकडून प्रक्षेपकाकडे सरकेल. २०२७ नंतरच्या लिलावात प्रबळ प्रतिस्पर्धी उरला नाही, तर हक्क स्वस्त आणि वर्गणी महाग, असे वरवर विसंगत भासणारे दृश्यही संभवते. अभ्यासकांनी म्हणून लिलावाच्या आकड्याइतकेच लक्ष प्रक्षेपकांच्या संख्येकडे देणे इष्ट ठरेल.