थकबाकीचा शिक्का पुसायचा कसा?



विहीर आटली, ऊस वाळला आणि पीककर्ज थकलं, की घरात एकच बोलणं सुरू होतं : "आता बँक आपल्याला दारात उभी करायची नाही." गटागटांतून हे आमच्या कानांवर येतं. पण थकबाकी म्हणजे जन्माची नादारी नव्हे. जुनं खातं कसं मिटवलं, यावर पुढचं कर्ज ठरतं, एवढं ध्यानात ठेवावं.

किसान क्रेडिट कार्ड १९९८ साली आलं. मंजूर मर्यादेत लागेल तशी रक्कम उचलायची, पीक निघाल्यावर भरायची, असा हा व्यवहार. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला ७ टक्के व्याज, आणि मुदतीत भरणाऱ्याला केंद्राची ३ टक्के सूट. म्हणजे हाती पडते ४ टक्क्यांनी. खातं थकलं की ही सूट जाते आणि नवी उचलही थांबते.

खातं मिटवायच्या वाटा दोन. पहिली, मुद्दल-व्याजासह पूर्ण फेड. दुसरी, एकरकमी तडजोड. हीत बँक काही रक्कम सोडते. सूट गोड वाटते खरी, पण पतनोंदीत ते खातं 'पूर्ण फेड' असं न दिसता 'तडजोडीने बंद' असं दिसतं. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या परिपत्रकानुसार तडजोड केलेल्या कर्जदाराला नवं कर्ज देण्यापूर्वी काही काळ थांबावं लागतं. इतर कर्जांना हा काळ किमान १२ महिन्यांचा आहे. शेतीकर्जाला किती, ते ज्या त्या बँकेचं संचालक मंडळ ठरवतं. म्हणून तडजोडीवर सही करण्याआधी विचारा : "नवं पीककर्ज किती महिन्यांनी मिळेल?" उत्तर लेखी घ्या. पैसे भरले की बेबाकी दाखला घ्या आणि सात-बारावरचा बोजा उतरवून घ्या. बोजा तसाच राहिला, तर फेड करूनही दुसरी बँक कागद परत करते.

पुढचं काम पतनोंद तपासण्याचं. सिबिल धरून अशा चार कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. फेडलेलं कर्ज थकीत दिसत असेल, तर तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे.

कार्ड परत हाती आलं, की पहिल्या वर्षी मर्यादा पुरी उचलू नका. बेण्या-खतापुरतं घ्या, ऊसबिलातून वेळेत भरा. लग्नकार्य त्यातून काढू नका. पत परत येते ती अशा दोन-चार वेळेवरच्या भरण्यांनी.

आणि मधल्या काळात बिगर परवान्याच्या सावकाराची पायरी चढू नका. २०१४ च्या कायद्याने तशी सावकारी गुन्हा आहे. जमीन एकदा लिहून दिली, की ती सोडवता सोडवता पिढी जाते. त्यापेक्षा थकबाकीचा कागद घेऊन आधी सोसायटीच्या सचिवाकडे जा. लाजेने घरी बसलात, तर व्याज काही बसून राहत नाही.