उमरठ
महाराष्ट्र राज्याच्या रायगड (१९८१ पूर्वीच्या कुलाबा) जिल्ह्यातील एक डोंगरी खेडे व तानाजी मालुसरे यांचे समाधिस्थान. ते पोलादपूर तालुक्यात सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर वसले असून पोलादपूरहून तेथे जाणारा रस्ता कापडे गावावरून जातो. हाच मार्ग पुढे चंद्रगडाच्या पायथ्याशी असलेल्या ढवळे गावास पोहोचतो. तेथून ढवळे घाटाची जुनी पाऊलवाट महाबळेश्वरच्या पठारावर चढते. भात, नाचणी व वरी ही मुख्य पिके. शेती पावसाळ्यापुरती असल्याने या खोऱ्यातील अनेक कुटुंबांचे पोट पिढ्यान्‌पिढ्या मुंबईतील नोकरीवर चालत आले आहे.

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात हा मुलूख जावळीच्या चंद्रराव मोरे यांच्या अंमलाखाली होता. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी जिंकल्यावर तो स्वराज्यात आला. मालुसरे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील गोडोलीचे व तेथून ते उमरठास आले, असे सांगतात.

माघ वद्य नवमी, शके १५९१ (४ फेब्रुवारी १६७०) च्या रात्री कोंढाणा घेताना किल्लेदार उदेभान राठोड याच्याशी लढत तानाजी कामी आले. त्यांचा देह केळदजवळील घाटाने खाली उतरवून उमरठास आणला, व म्हणून त्या घाटास मढे घाट हे नाव पडले, अशी परंपरा आहे. गावात तानाजींची व शेलारमामांची अशा दोन समाध्या दाखविण्यात येतात. तानाजींचा पुतळाही तेथे उभारलेला आहे. माघ वद्य नवमीस पुण्यतिथी साजरी होते.

उमरठचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले ते प्रामुख्याने तुळसीदास शाहिराच्या पोवाड्यामुळे. तानाजी येथे मुलाच्या लग्नाच्या तयारीत असताना मोहिमेचा निरोप येतो, हा प्रसंग त्यातलाच. गड चढविणारी घोरपडही पोवाड्यातच भेटते. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत यांपैकी काहीच नाही. तीत निवडक मावळे वानरांप्रमाणे कडा चढतात, एवढेच वर्णन आहे. लग्नाच्या कथेला इतिहासाचा दर्जा देणे त्यामुळे धाडसाचे ठरेल. मात्र गावाची स्वतःविषयीची स्मृती तिच्याभोवतीच विणलेली आहे.

तानाजींचे बंधू सूर्याजी यांची समाधी जवळच्या साखर या गावी असल्याचे मानतात. याच साखर गावाच्या सुतारवाडीवर व तालुक्यातील केवनाळे येथे २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीने दरडी कोसळून मनुष्यहानी झाली. काळ्या बेसाल्टवरील मातीचा थर पावसाने पूर्ण भिजला की तीव्र उतारावरून तो सुटतो. त्याच उतारांवर या वाड्या उभ्या आहेत. अशा वाड्या सुरक्षित जागी हलविणे निकडीचे आहे. परंतु शेते, देवस्थाने व समाध्या जागच्या जागीच राहणार असल्याने ग्रामस्थांना हा निर्णय सोपा नाही.