माघातील परसबाग

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर टिटवाळा आणि वासिंद यांच्या मध्ये खडवली हे स्थानक लागते. जवळूनच भातसा नदी वाहते. पौषाची थंडी ओसरू लागली, की या भागातील परसांत नवी लगबग सुरू होते. भाताची मळणी केव्हाच आटोपलेली असते, खाचरांतील ओलीवर वाल आणि हरभरा उभा असतो. आणि घरामागे उन्हाळी भाज्यांसाठी कुदळ चालू लागते.

थंड देशांतील माळी वसंताची वाट पाहतो, ती गोठलेली जमीन मोकळी व्हावी म्हणून. येथे प्रकार अगदी वेगळा आहे. ठाणे जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे 2500 मिलिमीटर पाऊस पडतो; परंतु तो जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. माघापासून ऊन चढत जाते आणि विहिरीचे पाणी उतरत जाते. भातसेच्या पात्रातून मुंबईसाठी सोडलेले पाणी पिसे येथील बंधाऱ्याकडे वाहत असते खरे, पण परसातल्या वेलाला त्याचा काय उपयोग? त्याला मिळावयाचे ते घागरीने किंवा बादलीने घातलेलेच पाणी.

म्हणून पावसाळ्यातील बागेचा आकार माघात उलटावा लागतो. पावसाळ्यात मुळे कुजू नयेत म्हणून गादीवाफे करतात. म्हणजे माती उंच आणि पाण्याची वाट खाली. तेच वाफे उन्हाळ्यात ठेवले, तर घातलेले पाणी बाजूंनी निसटून जाते आणि उंच माती चहूकडून वाळते. यासाठी गादी मोडून माती सपाट करावयाची, कडेने वीतभर उंचीचे बांध घालावयाचे आणि वाफा किंचित खोलगट ठेवावयाचा. काकडी, दुधी, कारले, पडवळ अशा वेलांसाठी वाफ्याऐवजी आळी करतात.

आळे म्हणजे नुसती उकरलेली जागा नव्हे. जेथे पूर्वी भाताचे खाचर होते, तेथे चिखलणीमुळे मातीचा खालचा थर दबून घट्ट झालेला असतो. वरवर खणल्यास वेलाची मुळे त्या थराशी अडतात, आणि चैत्राच्या उन्हात वरची माती तापली, की वेल माना टाकतात. तेव्हा आळे निदान 45 सेंटीमीटर खोल खणावे, आठवडाभर ऊन खाऊ द्यावे आणि मग निम्मी माती व निम्मे चांगले कुजलेले शेणखत मिसळून भरावे. ताजे शेण घालू नये. ते कुजताना उष्णता निर्माण होऊन कोवळी मुळे पोळतात.

येथेच खरी अडचण उभी राहते. जेथे भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची चाल आहे, तेथे शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या डहाळ्या याच दिवसांत राबासाठी जमविल्या जातात. घरातील शेण एकच, आणि मागणी दोघांची! अशा वेळी भाताचाच हक्क पहिला ठरतो. परसाने दुसरी सोय पाहावी. वाफ्यातील वालाच्या शेंगा संपल्या, की झाड उपटू नये, बुंध्याशी कापावे. त्याच्या मुळांवर बारीक गाठी असतात आणि त्यांतील सूक्ष्म जीव हवेतील नत्र साठवितात. मुळे जमिनीतच कुजली, की पुढच्या भाजीला त्याचा लाभ होतो.

पाण्याच्या बाबतीत एक जुनी युक्ती फार गुणाची आहे. मातीचे न भाजलेले भांडे पाण्यात विरघळते, म्हणून भाजलेलेच, परंतु चकाकी न दिलेले मडके घ्यावे. ते आळ्याच्या मध्यभागी गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे आणि तोंड झाकावे. बाहेरची माती जसजशी सुकते, तसतसे मडक्यातील पाणी पाझरत जाते. माती ओली असली, की पाझर मंदावतो. आळ्यावर वाळलेले गवत किंवा भाताचा पेंढा पसरल्यास ओल आणखी टिकते. तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी वाफ्यांना घालावे. मोरीचे साबणमिश्रित पाणी मात्र कोवळ्या रोपांपासून दूरच ठेवावे.

माठ 25 ते 30 दिवसांत काढणीला येतो, म्हणून तो थोडा थोडा करून पेरावा. भेंडीचे बी रात्रभर भिजत घालतात. तिला फळ धरावयास सुमारे दीड महिना लागतो. त्यामुळे ती उशिरा पेरणे म्हणजे विहीर तळाशी गेल्यावर पाणी मागणे होय. वेलांना पहिली पाने फुटताच तांबडे भुंगेरे त्यांवर तुटून पडतात. सकाळी दव असताना चुलीची राख भुरभुरली, तर ती पानांना चिकटते आणि भुंगेरे दूर राहतात.

पुढे वेलांवर फुले येतात आणि त्यांतील पुष्कळशी गळून पडतात. ते पाहून घाबरण्याचे कारण नाही. आरंभी येणारी फुले बहुधा नर असतात. ज्या फुलामागे बोटभर इवलेसे फळ दिसते, ते मादी फूल. दुधीची फुले संध्याकाळी उमलतात.

गावठी वाणाचा वेल असेल, तर एक सुडौल दुधी न तोडता वेलावरच वाळू देतात. हलविल्यावर आत बिया खुळखुळू लागल्या, की तो उतरवितात. बिया राखेत घोळवून कोरड्या डब्यात ठेवतात. आणि मृगाचा पाऊस येण्यापूर्वी बांध फोडून पुन्हा गादीवाफे घालावयास घेतात.