एका सतरंजीवर बसवण्याआधी

मार खाणारी बायको आणि मारणारा नवरा, या दोघांना समुपदेशनासाठी एकत्र बसवावं का? जगभर या प्रश्नावर चार-पाच दशकं वाद चालू आहे. आपल्याकडे तो विचारायच्या आतच दोघं समोरासमोर बसलेली असतात. ‘भांड्याला भांडं लागायचंच’ म्हणत चार वडीलधारी मंडळी बैठक घेतात, नवरा मान खाली घालून ‘पुन्हा हात उचलणार नाही’ म्हणतो आणि बाईची रवानगी परत सासरी होते. याला मी समुपदेशन म्हणणार नाही. म्हणूनच जोडप्यांच्या गटांसोबत गांभीर्याने केलेलं काम कुठून कुठे आलं, हे पाहायला हवं.

सुरुवात झाली ती फक्त पुरुषांच्या गटांपासून. १९७७ साली बोस्टनमध्ये ‘इमर्ज’ ही संस्था उभी राहिली आणि त्यानंतर काही वर्षांतच मिनेसोटातल्या डुलुथ शहरात एलन पेन्स, मायकेल पेमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवऱ्यांच्या गटांचा जो साचा घडवला, तो पुढे जगभर पसरला. त्यामागचा विचार स्पष्ट होता. मारहाण हे दोघांचं भांडण नसून एकाने दुसऱ्यावर चालवलेली सत्ता आहे. अशा नवऱ्याच्या शेजारी बसून बाई खरं बोलणार कशी? आणि बोललीच, तर त्याची किंमत घरी गेल्यावर मोजणार कोण? हा आक्षेप इतका रास्त होता की अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी अशा प्रकरणांत जोडप्याचं एकत्र समुपदेशन नियमानेच बंद केलं.

तरीही एक अडचण उरलीच. कितीतरी बायकांना नवरा सोडायचा नव्हता, त्यांना फक्त मार थांबायला हवा होता. पीटर नायडिग आणि डेल फ्रीडमन यांनी १९८४ मध्येच जोडप्यांसाठी वेगळा कार्यक्रम मांडला होता, पण त्या वेळी त्यांच्यावर टीकाच जास्त झाली. १९९५ मध्ये समाजशास्त्रज्ञ मायकेल जॉन्सन यांनी एक महत्त्वाचा फरक दाखवून दिला. काही घरांत बाईचा श्वाससुद्धा नवऱ्याच्या धाकात असतो. काही घरांत तसा कायमचा धाक नसतो, पण भांडण वाढत वाढत हातघाईवर येतं. दोन्ही हिंसाच, दोन्ही गुन्हाच. पण दोन्हींवर एकच उपाय चालेल, असं मानणं घातक आहे.

मग प्रयोग झाले. अमेरिकी नौदलातल्या ८६१ जोडप्यांवर फ्रँकलिन डनफर्ड यांनी केलेला अभ्यास २००० साली आला. त्यात पुरुषांचे गट होते, जोडप्यांचे गट होते, नुसती कडक देखरेख होती आणि यातलं काहीच न दिलेला चौथा गटही होता. फरक कुठेच दिसला नाही. नवऱ्यांना हुकमाने यावं लागे, बायकांवर तशी सक्ती नव्हती आणि जोडप्यांच्या गटांत अनेकजणी येईनातच. माझ्या मते या अभ्यासातली सगळ्यात बोलकी गोष्ट तीच.

चार वर्षांनी, २००४ मध्ये, व्हर्जिनियातून सँड्रा स्टिथ आणि सहकाऱ्यांचा निष्कर्ष आला. जोडपी अवघी ४२ होती, त्यामुळे आकड्यांवर फार भिस्त ठेवू नये. पण कामाची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. एकत्र राहायचं दोघांनीही ठरवलेलं असेल, तरच प्रवेश. आधी प्रत्येकाची वेगवेगळी, सविस्तर विचारपूस. त्यानंतर सहा आठवडे पुरुष वेगळे, बायका वेगळ्या. मग बारा आठवडे एकत्र बैठका, आणि त्याही थेट नाहीत. दर वेळी सुरुवातीला बायका एका खोलीत, पुरुष दुसऱ्या खोलीत. या आठवड्यात काय झालं, घरी भीती वाटतेय का, आज कशावर बोलणं धोक्याचं ठरेल, हे तिला एकटीला विचारायचं. मग सगळे एकत्र. उठताना पुन्हा वेगळे बसायचं, म्हणजे घरी जाताना कुणाच्या डोक्यात राग धुमसत नाही ना, हे कळतं. रागाचा पारा चढायला लागला की कुणी कसं बाजूला व्हायचं, दुसऱ्याने दार अडवायचं नाही, आणि ठरलेल्या वेळी परत येऊन बोलायचं, हे आधीच ठरवून घेतलं जाई. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा उपचार न मिळालेल्यांत ६६ टक्के पुरुषांनी पुन्हा हात उगारला होता, स्वतंत्रपणे भेटलेल्या जोडप्यांत ४३ टक्के, आणि गटातल्या जोडप्यांत २५ टक्के. गटात दुसऱ्या नवऱ्याच्या तोंडून स्वतःचीच सबब ऐकावी लागते. एकट्या समुपदेशकाच्या सांगण्याने हे होत नाही.

त्याहून मोठं काम आफ्रिकेत झालं. रवांडात ‘बांदेबेरेहो’ या उपक्रमात गावातल्याच स्वयंसेवक पुरुषांनी नव्या बापांचे आणि बाप होऊ घातलेल्यांचे गट चालवले. नवऱ्यांसाठी पंधरा बैठका, त्यातल्या आठ बायकांसोबत. १,१९९ जोडप्यांच्या अभ्यासात २१ महिन्यांनी गटातल्या ३३ टक्के बायकांनी गेल्या वर्षभरात मारहाण झाल्याचं सांगितलं. गटाबाहेर हेच प्रमाण ५७ टक्के होतं. सहा वर्षांनंतरही फरक टिकून होता. तिथल्याच ‘इंदाश्यिकिर्वा’ उपक्रमाने आपल्या बचत गटांसारख्या गटांतली जोडपी घेऊन २१ बैठका केल्या, आणि तिथेही हिंसा घटली. ही मंडळी ‘प्रकरण’ घेऊन आली नव्हती. पैसा, दारू, मूल सांभाळणं, नकाराचा मान ठेवणं यांवर त्यांनी महिनोन्‌महिने चर्चा केली.

आता आपल्याकडे. १९८२ मध्ये पुण्यात नारी समता मंच सुरू झाला, तो विवाहित तरुणींच्या खुनांनी हादरलेल्या काळात. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. १९९३ मध्ये ‘मावा’ या संस्थेने पुरुषांशी बोलायला सुरुवात केली, २००८ मध्ये पुण्यात पुरुष संवाद केंद्र आलं. दरम्यान २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदाही आला. त्याच्या कलम १४ नुसार न्यायदंडाधिकारी दोघांना वेगवेगळं किंवा एकत्र समुपदेशन घ्यायला सांगू शकतात. या कायद्याच्या नियमांत एक तरतूद आहे, जी प्रत्येक बैठकीच्या भिंतीवर लावायला हवी: मारहाणीचं कोणतंही समर्थन समुपदेशनात ऐकून घेतलं जाणार नाही, आणि हे नवऱ्याला सुरुवातीलाच सांगायचं. ‘तीच उलट बोलली म्हणून’ हे वाक्य तिथे चालत नाही. प्रत्यक्षात बहुतेक बैठकांची सुरुवातच या वाक्याने होते.

न्यायालयाच्या आदेशाशिवाय संयुक्त समुपदेशन करू नये, असं परिपत्रक २०१४ मध्ये राज्य शासनाने काढलं आणि ते उच्च न्यायालयापर्यंत गेलं. एका बाजूला बाईवर तडजोड लादली जाण्याची भीती, दुसऱ्या बाजूला कोर्टाची पायरी चढू न शकणाऱ्या बाईचा एकमेव आधार तुटण्याची. दोन्ही भीती खऱ्या होत्या.

पुण्याच्या वस्त्यांत झालेला ‘घ्या भरारी एकत्र’ हा प्रयोग मला म्हणूनच मोलाचा वाटतो. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आणि अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या संशोधकांनी नवविवाहित जोडप्यांसाठी सहा बैठका आखल्या आणि त्या वस्तीपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी चालवल्या. पहिला हात उचलला जाण्याआधी गाठलं, तर एकत्र बसण्यात धोका सगळ्यात कमी. प्रयोग लहान होता. तो वॉर्डावॉर्डांत पोचायला हवा होता, तसा पोचलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून अधिक जणींनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं आहे.

तुमच्या नात्यात, शेजारात अशी बैठक ठरली आणि तुम्हाला बोलावणं आलं, तर जरूर जा. पण आधी तिच्याशी एकटीशी बोला, नवरा आणि सासू दाराआडही नसताना. तिला त्याच्यासमोर बसायचं आहे का, हे विचारा. ती नाही म्हणाली, किंवा गप्प राहिली, तर बैठक रद्द करा आणि तिला १८१ हा क्रमांक लावून द्या.