वैनगंगेची वाट आणि समुद्रातील प्लास्टिक

गोंदिया जिल्हा भाताचा आणि तलावांचा. समुद्र येथून पूर्वेसही दूर आणि पश्चिमेसही दूर. तेव्हा समुद्रातील प्लास्टिकशी आपणांस काय कर्तव्य, असा प्रश्न कोणाच्याही मनात सहज येईल. त्याचे उत्तर नकाशातच आहे. पांगोली, बाघ इत्यादी नद्यांचे पाणी अखेर वैनगंगेत जाते. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरीस मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास. पावसाळ्यात आपल्या नालीतून जे वाहून जाते, त्याची वाट समुद्राकडचीच आहे.

पुढे त्याचे काय होते? प्लास्टिकचे उत्पादन वर्षानुवर्षे वाढत गेले, परंतु पाण्यावर तरंगणारा किंवा किनाऱ्यावर पडलेला कचरा त्या मानाने थोडाच दिसे. मग उरलेले प्लास्टिक गेले कोठे? इंग्लंडातील प्लिमथ विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी यांनी हा प्रश्न हाती घेतला व २००४ साली आपला निबंध प्रसिद्ध केला.

त्यांची रीत समजावयास सोपी आहे. किनाऱ्यावरची वाळू दाट मिठाच्या पाण्यात ढवळली की वाळू तळाशी बसते आणि हलके कण वर येतात. ते गाळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे आणि अवरक्त किरणांच्या साहाय्याने त्यांची जात ओळखावयाची. अशा रीतीने डोळ्यांस न दिसणारे प्लास्टिकचे तंतू व कण सापडले. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते, लाटांनी व घर्षणाने त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे होतात. मात्र त्याची माती होत नाही. पाच मिलिमीटरहून लहान अशा तुकड्यांस आज सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात.

याच संशोधनाचा दुसरा भाग आम्हांस विशेष बोधप्रद वाटतो. समुद्रातील प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे अतिसूक्ष्म जीव, गोळा करण्याचे एक यंत्र ब्रिटनच्या उत्तरेकडील समुद्रमार्गांवर जहाजांमागून ओढले जात असे. त्याचे जुने नमुने जपून ठेवलेले होते. ते पुन्हा तपासले असता १९६० नंतरच्या दशकातील नमुन्यांतही प्लास्टिक आढळले आणि पुढील दशकांत त्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढलेले दिसले. ज्यांनी हे नमुने जपले, त्यांना प्लास्टिकचा शोध घ्यावयाचा नव्हता. तरीही त्यांच्या चिकाटीनेच पुढच्या पिढीस पुरावा मिळाला.

हे कण जीवांच्या पोटात जातात काय? प्रयोगशाळेत वाळूतील कृमी, पाणी गाळून खाणारे बार्नेकल आणि कुजके पदार्थ खाणारे लहान कवचधारी प्राणी यांना असे कण दिले असता तिघांनीही ते गिळले. आपल्याकडे १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली; तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. तेथील शास्त्रज्ञांनी साळ नदीच्या मुखाकडील पाणी, गाळ, मासे व शिंपले तपासले. त्या सर्वांत सूक्ष्मप्लास्टिक आढळल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले.

आता आपल्याकडे वळू. येथला सर्वच कचरा समुद्रापर्यंत पोहोचतो असे नव्हे. बराचसा वाटेत अडतो: गोसीखुर्दसारख्या धरणाच्या गाळात, बांध्यांत, तलावांच्या तळाशी. परंतु हे समाधान मानण्याजोगे नाही. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या खपून जे तलाव बांधले, ज्यांच्या पाण्यावर धान पिकते आणि ढिवर बांधवांचा संसार चालतो, तेच मग पहिले समुद्र ठरतात.

सूक्ष्म झालेले प्लास्टिक पाण्यातून वेचून काढणे जवळजवळ अशक्य आहे. ते अडवावयाचे तर अखंड असतानाच, म्हणजे घरात, बाजारात आणि नालीच्या तोंडाशी. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकावयाच्या कित्येक वस्तूंवर देशभर बंदी आली. कायदा आपले काम करील तेवढे करील. लग्नाच्या पंगतीत पळसाच्या पानांची पत्रावळ वाढावयाची की प्लास्टिकचा मुलामा दिलेली, हे मात्र यजमानाच्याच हाती असते. पहिली शेतात कुजून खत होते. दुसरीवरचा मुलामा वैनगंगेची वाट धरतो.