घरातले खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय : हौस, हिशेब आणि कायदा

२००३ साली ‘फाइंडिंग निमो’ हा कार्टून चित्रपट आला आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला छोटासा क्लाऊन मासा मुलांच्या ओळखीचा झाला. आता तर निळ्या उजेडात झगमगणारी, रंगीबेरंगी प्रवाळांनी भरलेली परदेशी घरांतली मत्स्यालये मुले मोबाइलवर पाहतात आणि “आपल्या घरी असे का नाही?” म्हणून आईवडिलांचा पिच्छा पुरवतात. हट्ट वाईट नाही. मुलाला पडद्यावरच्या माशापेक्षा जिवंत मासा पाहावासा वाटला तर आनंदच मानला पाहिजे. परंतु वाचक बंधू-भगिनींनो, ही हौस महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला किती झेपते, आणि तिच्यातली कोणती गोष्ट कायद्याने करताच येत नाही, हे दुकानात पाय ठेवण्याआधी माहीत असलेले बरे. दुकानदार ते सांगेलच असे नाही.

कायद्यापासूनच सुरुवात करतो. प्रवाळ हा दगड नाही आणि झाडही नाही. तो प्राणी आहे. टाचणीच्या डोक्याएवढे असंख्य जीव एकमेकांना चिकटून राहतात, समुद्राच्या पाण्यातला कॅल्शियम ओढून चुनखडीचे घर बांधतात, आणि त्यांच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांना पुरवते. प्रवाळाचा रंग बराचसा या भाडेकरूचा. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले की शैवाल बाहेर टाकले जाते, प्रवाळ पांढरे पडते आणि पुढे उपासमारीने मरते. १९९८ साली, आणि पुन्हा २०२४ साली, लक्षद्वीपच्या समुद्रात हे मोठ्या प्रमाणावर घडले. आपल्या मालवणजवळच्या समुद्रातही प्रवाळ आहे.

२००१ साली भित्ती बांधणारी सर्व प्रवाळे, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखा, तसेच समुद्रघोडा यांचा समावेश वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत झाला. म्हणजे कायद्याच्या लेखी वाघ आणि प्रवाळ एका रांगेत बसतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद व किमान २५ हजार रुपये दंड आहे. मेलेले, वाळलेले प्रवाळही यातून सुटत नाही. शोभेसाठी म्हणून किनाऱ्यावरच्या टपरीतून पांढरी प्रवाळाची फांदी पिशवीत घालून आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. ‘जिवंत खडक’ नावाने विकला जाणारा समुद्रातला खडक हा बहुधा जुन्या प्रवाळाचाच तुकडा असतो. “माल बाहेरचा आहे, काळजी करू नका” असे कोणी म्हटले तर आयातीचे कागद मागावेत. ते दाखवत नसेल तर दुकानाबाहेर पडावे. गुन्हा नोंदला गेला तर वकिलाची फी मत्स्यालयापेक्षा महाग पडते.

तेव्हा आपल्या घरात करण्याजोगे मत्स्यालय म्हणजे कृत्रिम खडक, पांढरी वाळू, खारे पाणी आणि टाकीतच जन्मलेले चार-पाच छोटे मासे. सिमेंटचे किंवा भाजलेल्या मातीचे सच्छिद्र खडक मिळतात. सहा महिन्यांत त्यांच्यावर जांभळट-हिरवट थर चढतो आणि मुलांना भित्तीचा आनंद पुरेपूर मिळतो.

आता आकडे. हिशेब लिहिण्यातच उभी नोकरी गेल्यामुळे मला त्याशिवाय चैन पडत नाही. नवशिक्याने फार लहान टाकी घेऊ नये. लहान टाकीत पाणी झपाट्याने बिघडते, मोठीत सावरायला वेळ मिळतो. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी धरू. तिच्यात काठोकाठ १९० लिटर पाणी मावते. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता १६० लिटर. एकूण वजन दोनशे किलोच्या वर जाते. ती लोखंडी स्टँडवर, भक्कम भिंतीला लागून ठेवावी. जुन्या चाळीत लाकडी तक्तपोशीच्या मधोमध कदापि ठेवू नये.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १६० लिटरला सुमारे सहा किलो मीठ लागते. हे मीठ घरातले नव्हे. जेवणाचे मीठ म्हणजे जवळपास निव्वळ सोडियम क्लोराईड. समुद्रात त्याखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर अनेक क्षार ठरावीक प्रमाणात असतात. मत्स्यालयासाठी तयार केलेले मीठच घ्यावे. चौपाटीवरून कॅन भरून आणायची युक्ती कोणीतरी सुचवतेच. त्या पाण्यात गटाराचे आणि तेलाचे काय काय असते हे मुंबईकराला सांगायला नको. मीठ कालवायचे पाणीही आरओचे, क्लोरीन नसलेले हवे. आरओ यंत्र शुद्ध पाण्याबरोबर त्याहून जास्त पाणी बाहेर फेकते. ज्यांच्या नळाला तासभरच पाणी येते त्यांनी ते वाया जाणारे पाणी फरशी पुसायला, संडासाला वापरण्याची सोय आधी करावी, नाहीतर घरातल्या बाईचा रोष ओढवेल आणि तो रास्तच असेल.

दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे म्हणजे १६ लिटर पाणी आणि सुमारे ६०० ग्रॅम मीठ. वर्षाला मीठ तीस किलोच्या वर गेले. विजेचे पाहू. पाणी खेळवणारे पंप आणि घाण फेसातून बाहेर काढणारा स्किमर मिळून ४५ वॅट, चोवीस तास चालू. ६० वॅटचा दिवा आठ तास. दिवसाला दीड युनिट, महिन्याला सुमारे ४७ युनिट. बिलावरचा आपला दर पाहून गुणाकार ज्याचा त्याने करावा. पाणी थंड करणारे चिलर घेतले तर हा आकडा दुपटीवर जातो. प्रवाळ पाळायचे तर चिलर जवळपास सक्तीचेच. माशांचे मात्र २५ ते २८ अंशांत छान चालते आणि मुंबईच्या हवेत पाण्यावर वारा मारणारा लहान पंखा दोन-तीन अंश उतरवतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात पंख्याने भागणार नाही. तिथल्या वाचकांना माझा सल्ला स्पष्ट आहे : चिलरचा खर्च झेपत नसेल तर गोड्या पाण्यातले गप्पी-मॉली पाळा, त्यात कमीपणा काही नाही.

पंख्यामुळे पाणी उडते, मीठ उडत नाही. म्हणून रोज कमी होणारी पातळी साध्या शुद्ध पाण्याने भरायची, खाऱ्या पाण्याने नव्हे. ही एवढी गोष्ट न कळल्याने कितीतरी टाक्यांचे पाणी लोणच्याच्या खारासारखे झाले. खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर नावाची छोटी नळी मिळते, तिच्यावर १.०२५ च्या आसपास काटा राहिला पाहिजे.

आता सर्वांत महत्त्वाचे. खाऱ्या पाण्यात मासा पाळण्याआधी जीवाणू पाळावे लागतात. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो माशाला विषच. एका जातीचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य असते आणि पाणी बदलून कमी करता येते. हे जीवाणू खडकाच्या छिद्रांत वस्ती करतात आणि वस्ती वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा नाही. फक्त खडक, वाळू, चालू पंप आणि अमोनिया तयार व्हावा म्हणून माशांच्या खाद्याची चिमूट. आठवड्यातून दोनदा चाचणीच्या थेंबांनी पाणी तपासायचे. अमोनिया चढतो, मग उतरतो. पाठोपाठ नायट्राइट चढते आणि उतरते. दोन्ही शून्यावर येऊन तिथेच राहिली की पाणी तयार झाले.

आमच्या वसाहतीत सफाई खात्यात नोकरीला असलेल्या एका गृहस्थांनी मुलगा दहावी पास झाला म्हणून बोनसच्या पैशांतून टाकी घेतली. दुकानदाराने टाकी, मीठ आणि सहा मासे एकाच दिवशी गळ्यात मारले. चार दिवसांत चार मासे गेले. विचारायला गेले तर पाण्याचा शब्दही न काढता आणखी तीन मासे आणि औषधाची बाटली दिली. तेही गेले. पोराने आठवडाभर टाकीकडे पाहिले नाही, आणि बापाला वाटत राहिले की आपल्यालाच जमले नाही. जमले नाही असे काही नव्हते, त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. पुढे दीड महिना टाकी रिकामी चालवली, तेव्हा कुठे मासे टिकले.

मासा निवडताना पहिला प्रश्न विचारावा : हा समुद्रातून पकडलेला की पैदास केलेला? फिलिपाइन्स, इंडोनेशियाच्या समुद्रांत मासे गुंगवण्यासाठी सायनाइड फवारण्याची पद्धत होती; त्याने मासाही आतून खचतो आणि आजूबाजूचे प्रवाळही मरते. क्लाऊन माशाच्या बाबतीत आपल्याला तशी गरजच नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूतील मंडपम येथे त्याची पैदास यशस्वी केली, आणि महाराष्ट्रातही कांदळवन प्रतिष्ठानाने ऐरोलीच्या केंद्रात सागरी शोभिवंत माशांच्या पैदाशीचे काम केले. टाकीत जन्मलेला क्लाऊन कोरडे खाद्य खातो, आजारी कमी पडतो आणि त्याला समुद्रफूल लागत नाही. नीट सांभाळला तर दहा वर्षांहूनही अधिक जगतो. म्हणजे पाचवीतल्या मुलाचा मासा त्याच्या पदवीपर्यंत सोबत करतो.

दोन क्लाऊन, एक फायरफिश, एक लहान ब्लेनी, आणि शेवाळ खाणाऱ्या दहा-बारा गोगलगाई. एवढे १६० लिटरला पुष्कळ. तेही एकदम नव्हे, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने. चित्रपटातली निळी ‘डोरी’ म्हणजे ब्लू टँग मात्र आणू नये. ती वीतभराहून मोठी होते आणि तिला पोहायला तीन फूट म्हणजे कोंडवाडा. मँडरिन मासा दिसायला सर्वांत देखणा, पण तो बारीक जिवंत किडे टिपून खातो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो. लायनफिशच्या काट्यात विष असते, लहान मुलांच्या घरात तो नकोच.

विजेबद्दल दोन शब्द. खारे पाणी आणि वीज यांचे वैर आहे. टाकीच्या पातळीखाली प्लग बोर्ड नको. प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली झोळ द्यावा म्हणजे ओघळणारे पाणी बोर्डात जाणार नाही. गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी बसवूनच घ्यावा आणि टाकीत हात घालण्याआधी बटणे बंद करण्याची सवय मुलांना लावावी. जिथे वीज तासन् तास जाते तिथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावा, कारण पाणी थांबले की आधी प्राणवायू संपतो.

मासा घरी आणल्यावर पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवावी. मग तासभरात थोडे थोडे टाकीचे पाणी पिशवीत मिसळावे आणि जाळीने फक्त मासा सोडावा. पिशवीतले पाणी फेकून द्यावे, त्यात रोगजंतू असू शकतात.

क्लाऊन सगळे नर म्हणून जन्मतात. दोन लहान एकत्र ठेवले की जो वरचढ ठरतो तो पुढे मादी होतो. वर्षा-दोन वर्षांत एखाद्या सकाळी खडकाच्या बाजूला नारिंगी ठिपक्यांचा गालिचा दिसेल. ती अंडी. बाप दिवसभर पंखांनी वारा घालत त्यांची राखण करतो आणि आठवडा-दहा दिवसांत, अंधार पडल्यावर, ती फुटतात. पिल्ले इतकी बारीक की त्यांना डोळ्यांना जेमतेम दिसणारे रोटिफर नावाचे जीवच खाऊ घालावे लागतात. ती जगवायची असतील तर वेगळी टाकी, वेगळे खाद्य आणि घरातल्या कोणाचे तरी जागरण लागते.