मैलापाण्यातील स्फुरद

नत्र, स्फुरद व पालाश ही खतांची त्रयी शेतकरीवर्गास सुपरिचित आहे. यांपैकी स्फुरद म्हणजे फॉस्फरस. त्याचा शोध लागला तोच मुळी मूत्रातून. जर्मनीतील हॅम्बुर्ग नगरीचा किमयागार हेनिग ब्रांट इ. स. १६६९ मध्ये सुवर्णप्राप्तीच्या आशेने मूत्र आटवीत असता त्याच्या हाती अंधारात चमकणारा पदार्थ लागला. सोने मिळाले नाही. 'स्फुरद' हे आपले नाव मात्र त्या चमकण्याला किती साजेसे!

पुढे त्याच नगरीत, १८४२ च्या भीषण आगीनंतर सेंट निकोलाय चर्चचा पाया नव्याने खणताना जुन्या शेणामैल्याच्या थरात एक स्फटिकमय खनिज सापडले. मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट यांनी बनलेले हे स्ट्रुव्हाइट आज अनेक शुद्धीकरण केंद्रांतील नळ बुजवून टाकते. वस्तुतः ते सावकाश विरघळणारे उत्तम खत आहे. म्हणून काही ठिकाणी मॅग्नेशियमचे क्षार मिसळून ते वेगळ्या टाकीत मुद्दाम तयार करतात.

नत्र हवेतून घेता येते; स्फुरदास तो मार्ग नाही. ते खाणीतील खडकातूनच काढावे लागते, आणि भारताला त्यासाठी मुख्यत्वे आयातीवर विसंबावे लागते. इकडे अन्नावाटे पोटात गेलेले स्फुरद बव्हंशी मलमूत्रातून बाहेर पडते, नदीत जाते आणि तेथे शेवाळ माजवते.

हॅम्बुर्गच्या बंदरालगतच्या केंद्रात मैलापाण्यातील गाळ प्रथम अंडाकृती उंच टाक्यांत कोंडतात. तेथे प्राणवायूविना जगणारे जिवाणू तो कुजवतात व मिथेनयुक्त वायू निघतो. त्यावर वीज व उष्णता निर्माण होते. ही ऊर्जा थोडीथोडकी नव्हे. एरवी पाण्यात हवा खेळविण्यातच अशा केंद्रांची पुष्कळ वीज खर्ची पडते. (ही युक्ती आपणांसही नवी नाही. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्येच मैल्यापासून वायू घेऊन दिवे लावण्यात आले होते.)

कुजून उरलेला गाळ शेतात का टाकू नये, असा प्रश्न साहजिक आहे. लहान गावाच्या मैल्याबाबत तो रास्तही ठरेल. परंतु महानगराच्या गाळात जड धातू व औषधांचे अंश असतात. म्हणून हॅम्बुर्गला तो जाळतात. राखेत स्फुरद टिकून राहते. ती राख सौम्य फॉस्फोरिक आम्लात विरघळवून धातू वेगळे काढले की शुद्ध फॉस्फोरिक आम्ल मिळते, जोडीला जिप्सम. राखेतून निघालेले लोह व अॅल्युमिनियमचे क्षार पाण्यातील स्फुरद खाली बसविण्यासाठी पुन्हा उपयोगी पडतात.

हा खटाटोप खर्चिक आहे, आणि खाणीतले स्फुरद स्वस्त मिळते तोवर केवळ नफ्यासाठी तो कोणी करील असे वाटत नाही. जर्मनीने म्हणूनच २०१७ मध्ये नियम केला. मोठ्या शहरांच्या केंद्रांना गाळातील स्फुरद परत मिळविण्याचे बंधन २०२९ पासून लागू व्हावयाचे आहे.